कंपनीने कोच लावून दिला, तो नुसते प्रश्नच विचारतो. याने खरंच नवीन आयडिया निघतात का?

बुटीबोरीचा_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. मी बुटीबोरी एमआयडीसीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे, अकरा वर्षं झाली. माझ्या हाताखाली चौदा ऑपरेटर आणि हेल्पर. आता झालं असं की हेड ऑफिसवाल्यांच्या डोक्यात इनोव्हेशन घुसलंय. आधी गेटजवळ सजेशन बॉक्स लावला. आठ महिन्यांनी उघडला तर अकरा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या सात कॅन्टीनच्या चहाबद्दल, दोन बसच्या टायमिंगबद्दल, एका चिठ्ठीत कोणीतरी खर्र्याची पन्नी गुंडाळून टाकलेली आणि एक कोरी.

मग साहेब म्हणाले लोकांना कोचिंग पाहिजे. म्हणजे आधी आम्हा शिफ्टवाल्यांना बाहेरचा कोच कोचिंग देणार आणि मग आम्ही आमच्या पोरांना. तो माणूस पंधरा दिवसांतून एकदा येतो, एक तास माझ्यासमोर बसतो, माणूस चांगला आहे, पण एकही उत्तर देत नाही हो! मी म्हटलं सर क्रीझिंगवर (पुठ्ठ्यावर घडीची रेघ पाडतो तिथं) रिजेक्शन जास्त येऊन राहिलं, काय करू. तर म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं?" अरे मला वाटलं असतं तर तुला विचारलं असतं का बे. (हे मनात.)

वरून म्हणतो की तुमच्या ऑपरेटरला पण असंच विचारा, उत्तर देऊ नका. मी परवा एकाला विचारलं की ही मशीन अजून बरी कशी चालेल तुला काय वाटतं, तर तो बाजूवाल्याला म्हणतो, "सायबालेच मालूम नाई तं आपल्याले काहून इचारून रायला?" पूर्ण लाइन हसली.

तर प्रश्न असा की कोणाच्या कंपनीत हे खरंच चाललंय का, की पैसे वाया? आणि चाललं असेल तर फ्लोअरवर नेमकं करायचं काय?

तर्रीपोहा_जास्त

शीर्षक वाचून मला वाटलं पोराच्या नीटच्या क्लासची तक्रार आहे 😂 नागपुरात कोचिंग म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. बाकी खर्र्याची पन्नी टाकणाऱ्याला शोधा, तोच खरा इनोव्हेटिव्ह आहे.

एचआरवाली_ताई

भाऊ, तर्रीपोहावाल्यांनी गंमत केली पण घोळ तिथेच आहे. आपल्याकडे कोचिंग म्हणजे समोरच्याला येत नाही ते शिकवणं. तो क्लास झाला, म्हणजे ट्रेनिंग. मोठा माणूस स्वतःच्या अनुभवावरून सांगतो ते मेंटरिंग. आणि तुमचा कोच करून राहिला ते तिसरंच.

याची सुरुवात टेनिसपासून सांगतात. टिमोथी गॅलवे नावाचा अमेरिकन टेनिस शिकवणारा होता, १९७० च्या दशकातली गोष्ट. त्याच्या लक्षात आलं की खेळाडूला मनगट असं ठेव, पाय तसा टाक असं जितकं सांगावं तितका तो जास्त आखडतो. मग त्याने सांगणं सोडलं आणि नुसतं बघायला लावलं, म्हणजे बॉलचा टप्पा पडला की तोंडाने "टप्पा" म्हण, रॅकेटला लागला की "फटका" म्हण, बस. खेळाडूचं लक्ष बॉलवर गेलं आणि हात आपोआप सुधारला. हीच गोष्ट पुढे जॉन व्हिटमोर नावाच्या इंग्रज माणसाने ऑफिसांमध्ये आणली, हा आधी मोटार रेसिंग करायचा बरं का. १९९२ च्या त्याच्या पुस्तकामुळे ग्रो नावाची पद्धत जगभर गेली. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. कुठं पोचायचं, आत्ता कुठं आहोत, काय काय करता येईल, आणि तू यातलं काय करणार. तुमच्या कोचच्या वहीत हेच चार रकाने असतील, पैज लावते.

पण मी एचआरमध्ये असून सांगते, हे सगळीकडे लागू पडत नाही. नवीन आलेल्या हेल्परला मशीनचं बटण माहीत नाही आणि तुम्ही त्याला विचारता "तुला काय वाटतं", तर तो घाबरेल. त्याला सरळ सांगा. आणि सेफ्टीचा मामला असेल तर कोचिंग-फिचिंग काही नाही, ओरडून सांगायचं. ज्याला काम येतं, ज्याच्या डोक्यात काहीतरी आहे पण तोंडातून निघत नाही, अशा माणसासाठी हे आहे. तुमच्या चौदात असे किती आहेत ते आधी बघा. मला वाटतं तीन-चार असतील.

बुटीबोरीचा_शिफ्टवाला

ताई, वहीत खरंच चार रकाने आहेत 🙏 पैज जिंकलात. तीन-चारच आहेत हे पण बरोबर. त्यातले दोघं माझ्याशी धड बोलत नाहीत ही वेगळी गोष्ट.

हिंगणा_टूलरूम

दादा मी हिंगण्याला टूलरूममध्ये आहे, प्रेसचे डाय म्हणजे साचे बनवतो. आमच्याकडे दोन वर्षं झाली हे चालू आहे, थोडं वेगळ्या नावाने. टोयोटात सुपरवायझर लोकांना कसं घडवतात त्याचा अभ्यास करून माइक रोदर नावाच्या माणसाने २००९ मध्ये एक पद्धत लिहिली, त्याला काटा म्हणतात. वजनकाटा नाही, जपानी शब्द आहे, कराटेवाले एकच हालचाल परत परत करून अंगात मुरवतात ना, ती.

त्यात पाच प्रश्न आहेत, मी कार्डावर मराठीत लिहून खिशात ठेवलेत. आपल्याला कुठं पोचायचंय. आत्ता नेमकं काय चालू आहे. मधे काय आडवं येऊन राहिलं, आणि त्यातलं आत्ता कशाला हात घालतोय. पुढचं पाऊल कोणतं, ते टाकल्यावर काय होईल असं वाटतं. आणि ते जाऊन कधी बघायचं. बस. रोज तेच पाच, दहा-पंधरा मिनिटं, तेही मशीनजवळ उभं राहून. केबिनमध्ये बोलावून नाही. केबिनमध्ये बोलावलं की माणसाला वाटते मेमो मिळते.

सगळ्यात भारी चौथा आहे, "काय होईल असं वाटतं". कारण आपल्याकडे सगळे म्हणतात करून पाहू, पण करण्याआधी अंदाज कोणी बोलत नाही, म्हणून झाल्यावर शिकायला काही उरत नाही. आमच्या एका पोराने डाय बदलायला वेळ लागतो म्हणून पाने आणि बोल्टची ट्रॉली बनवली. मी विचारलं काय होईल वाटतं, म्हणाला वीस मिनिटं वाचतील. वाचली सहा. पहिले मी म्हटलो असतो की फेल गेलं, जाऊ दे. पण त्याने वीस म्हटलं होतं म्हणून तो स्वतःच चिडला आणि बाकीची चौदा मिनिटं कुठं गेली ते शोधत बसला. ती क्रेनची वाट बघण्यात जात होती. ही गोष्ट आम्हा कोणालाच माहीत नव्हती, सगळे समजत होतो की पाना शोधण्यात वेळ जाते.

एक गोष्ट मात्र करा, नाही तं सगळं फुस्स. प्लांट हेडकडून एवढं मंजूर करून घ्या की अमुक रुपयांपर्यंत ट्रायल घ्यायला मला कोणाला विचारावं लागणार नाही. आमच्याकडे तीन हजार आहेत. पोराने आज सांगितलं आणि परचेसची मंजुरी दीड महिन्याने आली तर तो परत जन्मात बोलणार नाही.

बुटीबोरीचा_शिफ्टवाला

हे कार्ड मी पण बनवतो. फक्त एक कबूल करतो, मी आधीच माती खाल्लीय. कोचने सांगायच्या आधी कुठंतरी वाचलं होतं की पाच वेळा "का" विचारायचं. मी आमच्या स्टिचिंगवाल्याला विचारलं, हे बॉक्स का रिजेक्ट झाले? क्रीझवर तडा गेला. तडा का गेला? माहीत नाही. माहीत का नाही? इथं त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला सायेब, लेखी द्यायचं असन तं लेखी द्या. त्याला वाटलं चौकशी लावली.

निवृत्त_फोरमन_कामठी

सगळं वाचलं. मी सदतीस वर्षं नोकरी करून बसलोय, त्यामुळे थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

यात नवीन काही नाही. १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीतून क्वालिटी सर्कल आपल्या देशात सुरू झालं, मग ते सगळीकडे आलं, आमच्याकडेही आलं. आठवड्यातून एक तास, सात-आठ जण टेबलाभोवती बसायचे, मधे चहा-बिस्किट. पहिले दोन वर्षं काय काम झालं म्हणून सांगू! लोक घरून कागदावर चित्रं काढून आणायचे. मग वरून आदेश आला की प्रत्येक सर्कलने तिमाहीत इतके प्रोजेक्ट दाखवायचे. संपलं. लोक झालेल्या कामाला प्रोजेक्टचे कपडे घालून दाखवू लागले, स्टेजवर जाऊन टाळ्या घेऊन येऊ लागले. शिफ्टवाले भाऊ, तुमच्या हेड ऑफिसने महिन्याला इतक्या आयडिया असा आकडा दिला की समजा गाडी पंक्चर.

दुसरी गोष्ट सांगतो, ही माझ्या मनाला लागलेली आहे. आमच्याकडे एक फिटर होता, सातवी पास, पण हात असा की काय सांगू. त्याने एक साधी जुगाड केली. पार्ट उलटा लागून जायचा, तर त्याने फिक्श्चरमध्ये, म्हणजे पार्ट धरून ठेवायच्या चौकटीत, एक खिळ्यासारखी पिन ठोकली, उलटा पार्ट बसूच शकत नाही. जपानात शिंगो नावाच्या इंजिनिअरने १९६१ मध्ये हेच केलं होतं, स्विचमध्ये बायका एखादी स्प्रिंग टाकायला विसरायच्या, तर त्याने म्हटलं आधी दोन स्प्रिंगा बशीत काढून ठेवा, मगच जोडा, बशीत एक उरली म्हणजे विसरली. ते शिंगो जगभर शिकवले जातात. आमच्या फिटरची पिन एका इंजिनिअरने स्वतःच्या नावावर दाखवली आणि बक्षीस घेऊन आला. मी फोरमन होतो. मला माहीत होतं आणि मी चूप बसलो, कारण माझं प्रमोशन त्याच साहेबाच्या हातात होतं. तो फिटर त्यानंतर रिटायर होईपर्यंत, नऊ वर्षं, "हो साहेब" याच्या पलीकडे बोलला नाही. कितीही कोच आणा, असा माणूस परत उघडत नाही.

तुमचे जे दोघं बोलत नाहीत ना, त्यांचं आधी काय झालं होतं ते शोधा. तुमच्याच हातून झालं असेल कदाचित.

मिहान_ची_मुलगी

काकांचं वाचून दोन मिनिटं थांबले.

मी आयटीत आहे, मिहानला, आमच्याकडे पुठ्ठा नाही पण रोग तोच. मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणतो "नो जजमेंट, मनात आहे ते बोला", आणि अप्रेझलला तेच बोललेलं काढतो, मग पुढच्या वेळी सगळे कॅमेरा बंद करून बसतात 😐

एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या प्रोफेसर आहेत, त्यांचं एक संशोधन मला फार आवडतं. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. वाटत होतं की जिथे टीम चांगली तिथे चुका कमी असतील. निघालं उलट, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, नर्सेस त्या लपवत नव्हत्या. म्हणून दादा, कोचिंग सुरू केल्यावर तुमच्या लाइनवर पहिल्या महिन्यात प्रॉब्लेम वाढलेले दिसले तर घाबरू नका, वरच्या साहेबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतील कोच आला आणि रिजेक्शन वाढलं.

आणि अजून एक, तुमच्या त्या तासात तुम्ही कोचला जे सांगता ते साहेबांपर्यंत जातं का? हे पहिल्या दिवशी स्पष्ट झालं पाहिजे. आमच्याकडे जात होतं. आम्हाला कळलं तेव्हा सगळ्यांनी कोचसमोर फक्त हवामानावर गप्पा मारल्या.

एचआरवाली_ताई

मिहानच्या ताईंचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के. करार कंपनीचा असला तरी बोलणं खोलीतच राहायला पाहिजे, चांगला कोच हे स्वतःहून सांगतो. नसेल सांगितलं तर विचाराच.

बुटीबोरीचा_शिफ्टवाला

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय, अपडेट द्यायचं राहून गेलं, मे महिना आणि ऑर्डरचा मारा यात जीव गेला.

काकांचं वाचून रात्री झोप नाही आली खरं सांगतो. त्या दोघांतले एक आमचे क्रीझिंगचे सर्वात जुने ऑपरेटर, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी आठवून पाहिलं तर चार वर्षांपूर्वी त्यांनी गमच्या टाकीबद्दल काहीतरी सांगितलं होतं आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, मामा तुम्ही मशीन चालवा, डोकं आम्ही चालवतो. मी गमतीत म्हटलं होतं. मला आठवतही नव्हतं, त्यांना तारीख पाठ होती! एक दिवस शिफ्ट सुटल्यावर त्यांना गेटबाहेर टपरीवर नेलं, चहा घेतला, आणि म्हटलं की मामा तेव्हा चुकलं माझं. ते काहीच बोलले नाहीत. चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले, मला देऊ नाही दिले.

पुढचे चार-पाच दिवस मी कार्डातले पाच प्रश्न नाही विचारले, हिंमतच नाही झाली. रोज एकदा मशीनजवळ जाऊन एवढंच विचारायचो, मामा आज काय येगळं दिसलं? आणि चूप उभा राहायचो. हे चूप राहणं फार कठीण काम आहे हो, आपल्याला लगेच शहाणपणा शिकवायची सवय. सहाव्या दिवशी मामा म्हणाले, "दुपारी शीट पापडावानी होते, वाकवली का कट्ट वाजते. रातच्या शिफ्टले थेच कागद, थेच मशीन, तडा नाई." मग मी रजिस्टर काढलं. खरंच, तडा गेलेला माल जवळपास सगळा दुपारी बारा ते सहामधला! आम्ही महिनाभर क्रीझिंगचे रोलर खालीवर करून राहिलो होतो आणि पेपरवाल्याशी भांडून राहिलो होतो.

आता नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते, सगळ्यांना माहीत आहे, ओठ फुटतात, पण कागदाचं कोणाच्या डोक्यात नाही आलं. पुठ्ठ्यात साधारण सात-आठ टक्के ओलावा पाहिजे, तो उडून गेला की वरचा क्राफ्ट कागद कडक होतो आणि घडीवर फाटतो. मी म्हटलं मामा मग काय करायचं, काय वाटतं तुम्हाला? (कोचचा प्रश्न, पण या वेळी कोणी हसलं नाही.) म्हणे, "घरी आपण काय करतो? कूलर लावतो."

टूलरूमवाल्या दादांचं ऐकून प्लांट हेडकडून पाच हजारांची मोकळीक आधीच घेतली होती, त्यातून एक जुना मोठा लोखंडी कूलर दुरुस्त केला, नवीन खस टाकली आणि क्रीझिंगच्या आधी शीटचे थप्पे जिथं ठेवतो तिथं लावला. अंदाज आधी बोलायचा होता, तर मामा म्हणाले निम्मा तडा कमी होईल, मी म्हटलं चौथाई. पहिल्या दिवशी दोघंही हरलो, कारण कूलरची हवा थप्प्याच्या एकाच बाजूला लागली, तिकडची कड ओली झाली आणि शीट वाकडी झाली, चाळीस शीट फेकल्या. पहिलेचा मी असतो तर कूलर तिथंच बंद. या वेळी मामांनीच कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे हवा आपटून खोलीभर पसरते, थप्प्यावर सरळ येत नाही. तिसऱ्या दिवसापासून दुपारचा तडा खरंच निम्म्यावर आला, आता त्याच्याही खाली आहे.

हेड ऑफिसवाले खुश, त्यांना व्हिडिओ पाहिजे, मामांनी स्टेजवर बोलावं म्हणतात. मी मेलमध्ये पहिल्या ओळीत मामांचं नाव टाकलं, प्लांटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण. मामा म्हणाले, "मले फोटो-गिटो नको, एक कूलर माह्या मशीनजवळ पण ठेवा, कागदाले हवा आन् आमाले गर्मी काहून?" 😄 तोही लावला.

आता कोचिंगने झालं की माफीने झालं की मामांना गरम होत होतं म्हणून झालं, मला सांगता येत नाही. कोचला हे विचारलं तर म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं?"

निवृत्त_फोरमन_कामठी

चहाचे पैसे त्यांनी दिले ना, मग झालं. पावसाळ्यात कूलर बंद करायला विसरू नका, नाहीतर पुठ्ठ्याला बुरशी लागेल आणि सगळे म्हणतील मामाची आयडिया.

हिंगणा_टूलरूम

जबरदस्त दादा. बंद कधी करायचा हे अंदाजाने नका ठरवू, आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर येते ते लावा. पाच हजारातले उरलेत का काही?

बुटीबोरीचा_शिफ्टवाला

तीनशे ऐंशी उरलेत. मिळते का एवढ्यात?

तर्रीपोहा_जास्त

बर्डीवर इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात पाहा, भाव करा. मी येतो सोबत, तर्री पोहे तुमच्याकडून.